आत्याच्या हातचा काढा

सोमवार, ३ जून

प्रयोगशाळेत उंदीर आले. सगळे ठणठणीत. आता त्यांना फिट आणायची, म्हणजे आत्याच्या काढ्याने ती थांबते का ते कळेल!

धाकट्या बहिणीने फिटच्या गोळ्या केव्हाच सोडल्या — "डोकं जड होतं." डॉक्टर ओरडून थकले. नुसत्या मुळीच्या काढ्यावर आहे, आणि एकही फिट नाही. काढा खरा असेल तर कमालच. खोटा असेल तर पोरीच्या जिवाशी खेळ चाललाय.

गुरुवार, ६ जून

आत्याने घरून बाटली भरून दिली. उंदरांच्या कानाला चिमटे, विजेचा झटका. पाणी पाजलेले ताठ झाले. काढा पाजलेले मिशा पुसत बसले! आमचे सर एका उंदराला "शाब्बास" म्हणाले.

सोमवार, १० जून

तीच मुळी आणून आम्ही काढा केला. सगळे उंदीर ताठ.

आत्या फोनवर — "तुमच्या हाताला गुण नाही गं."

सरांना हे हसत सांगितलं. सर हसले नाहीत. "बोलवा त्यांना."

बुधवार, १२ जून

आत्या प्रयोगशाळेत! पांढरा कोट घोट्यापर्यंत. उंदरांना बघून कळवळली — "धडधाकट जिवांना आजारी पाडता आणि मग औषध शोधता?"

काढा उकळला. शेवटी आमच्याकडे पाठ करून काहीतरी पुटपुटली. उंदीर — मिशा पुसत!

सर म्हणाले, "कृतीत पुटपुटणं लिहा."

लिहिलं. एवढं शिकून!

मंगळवार, १८ जून

आत्याच्या काढ्याची तपासणी आली. मुळीत दम नाही. त्यात फिटच्या गोळीचं औषध आहे!

तडक घरी जाऊन आत्याला धरलं. ती जराही ओशाळली नाही.

"पोरगी गोळी घेईना, काढा घेते. म्हणून कुटून घालते. डॉक्टरांनी सांगितली तेवढीच. तिला बोललीस तर काढाही सोडेल."

"अगं, पण उंदरांना कशाला?"

"मग काय, त्या बिचाऱ्यांना फिट येऊ देऊ?"

सरांना काय सांगू? उंदरांना आत्याची दया आली — नाही, उलट! डोकं चालत नाही.

शनिवार, २२ जून

राहवलं नाही. धाकटीला सांगून टाकलं. तिने पेला उचलला आणि गटागटा रिकामा केला.

"माहितीये गं. तळाला पांढरा गाळ उरतो. तोही चमच्याने खाते." मग दाराकडे बघून, हळूच — "आत्याला बोलू नकोस हं. मोठ्या हौसेने कुटते."