पूर्वेच्या भिंतीतलं दार

हो हो, शुद्धीवर आहे मी, वकीलसाहेब. परत विचारलंत तर तुमच्यामुळेच शुद्ध जाईल. दारू प्यायलेली नाही, कुणी धमकी दिलेली नाही, कुणी गोड बोलून फसवलेलं नाही. गोड बोलणारं आता घरात उरलंय कोण? येत्या रविवारी दवाखान्यात भरती व्हायचंय, सोमवारी डॉक्टर माझी छाती उघडून बघणार आहेत. तिथे काही सापडलं नाही तर मुलगा म्हणेल, मी आधीच सांगत होतो.

म्हणून आज, हातपाय चालताहेत तोवर, मी खाली सही करणारी, फुटबॉलच्या मैदानाच्या पूर्वेच्या फाटकावर जन्म घालवलेल्या फाटकवाल्याची बायको, आता विधवा, गावच्या शाळेत चौथीपर्यंत शिकलेली, हे मृत्युपत्र राजीखुशीने माझ्या हाताने लिहिते. वकीलसाहेबांनी छापील नमुना दिला होता. त्यात स्थावर आहे, जंगम आहे, माणूस कुठे नाही. नमुना परत केला. याआधी एकदा, हे होते तेव्हा, यांच्याशी भांडून कॅलेंडरच्या मागे "कुणाला काही देणार नाही" असं लिहिलं होतं. ते या लिखाणाने रद्द झालं.

कलम पहिलं. घर.

दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागचं अंगण. अंगणाच्या तीन भिंती माझ्या, चौथी मैदानाची. त्या चौथ्या भिंतीत लोखंडी दार आहे. दारापलीकडे पूर्वेच्या पायऱ्या, जिथे लोक उभे राहून मॅच बघतात. त्या पायऱ्यांवरून बाहेर पडायला एक अरुंद बोळ आहे आणि दुसरं हे दार. कडी माझ्या बाजूला. पलीकडून मूठ नाही, कडी नाही, नुसता पत्रा. मैदानाच्या जुन्या मालकांनी हे घर यांच्या नावावर केलं ते एका बोलीवर: मॅच संपून लोक पांगेपर्यंत घरचं एक माणूस त्या दाराशी बसलं पाहिजे. हे स्वतः फाटकावर असायचे. म्हणजे घरचं माणूस कोण, ते सांगायला नको.

हे घर मी माझ्या सुनेला देते. मुलाला नाही.

बाळा, बस खाली. अजून पुष्कळ आहे.

मुलाबद्दल माझी तक्रार नाही, हुशार आहे. मैदान ज्या कंपनीने घेतलं तिच्या लोकांशी त्याचं बोलणं झालंय. ते घर घेणार, दार विटांनी बुजवणार, इथे काचेच्या खोल्या करणार, मऊ खुर्चीत बसून मॅच बघायला. मी म्हटलं, आणि दाराचं काय?

"आई, आता सगळीकडे कॅमेरे आहेत. आतल्या खोलीत बसून सगळं दिसतं."

"दिसतं ना? मग उघडतं कोण? कॅमेरा?"

"तू ना, पन्नास वर्षांपूर्वीच्या गोष्टी धरून बसतेस."

"धरून नाही रे बसत. स्टुलावर बसते."

तर सून. हिच्याशी माझं लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून वाजलंय, सगळ्या गल्लीला ठाऊक आहे. कारण एकच, हिला कडी लावायची सवय नाही. मांजर आत, साबण विकणारा आत, पत्ता चुकलेला आत. एकदा चोर आला, त्याला हिने पाणी दिलं. तो बिचारा ग्लास विसळून ठेवून गेला. मी म्हटलं, "ही काय धर्मशाळा आहे?" तर म्हणते, "आई, दार वाजलं की उघडतात." तेव्हा मी आठ दिवस बोलले नाही हिच्याशी. आज त्या वाक्यासाठी हिला घर देतेय. आजवर जे काही टोचून बोलले ते मागे घेत नाही, पण घर तुझं. अट एकच: दार बुजवायचं नाही, आणि मॅचला स्टूल सोडायचं नाही. हे माझ्या मरणाची वाट न बघता याच रविवारपासून. त्या दिवशी मी दवाखान्यात असेन, आणि मोसमातली शेवटची मॅच आहे, नदीपलीकडच्यांशी.

कलम दुसरं. यांची टोपी, शिट्टी आणि बाकाखालचं लाकडी खोकं.

हे सगळं भोंग्याला. भोंगा म्हणजे समोरच्या घरातला, नाव सगळे विसरलेत, त्याची बायकोसुद्धा. याच्या तरुणपणी पूर्वेच्या पायऱ्यांवर ओरडायला हाच सुरुवात करायचा. "रेफ्री, चष्मा लाव!" असं हा ओरडला की माझ्या फडताळातले पेले किणकिणायचे. पलीकडच्या गोलकीपरला तर याने लग्न जमत नाही म्हणून इतकं चिडवलं की मॅच संपल्यावर तो याच्याच घरी जेवायला आला. आणि भोंग्या, माझ्या भिंतीवर कोण मुतायचं ते मला माहीत आहे. तेव्हाचे लोक काही देव नव्हते. बाटल्या फेकायचे, शिव्या अशा द्यायचे की मी कानात बोळे घालून भाकरी थापायची. बाईमाणूस तर पायऱ्यांवर औषधालाही नसायचं. आता मुली येतात, गाल रंगवून, घसा फोडून ओरडतात. ते मला आवडतं. कुणी म्हणेल म्हातारी नुसतीच जुन्याचे गोडवे गाते, तर तसं नाही.

पण एक गोष्ट तेव्हा होती. दोन्हीकडचे एकत्र उभे राहायचे, आणि लहान पोरांना मागून काही दिसत नाही म्हणून त्यांना डोक्यांवरून पुढे सोडायचे. या हातातून त्या हातात, तरंगत तरंगत, थेट कठड्यापर्यंत. पोर कुणाचं, कुठल्या टीमचं, कुणी विचारायचं नाही. फाटकावरची गर्दी आत गेली की खाली हे उभे असायचे, टोपी घालून. एकेक पोर उतरवून घ्यायचे आणि खोक्यावर बसवायचे. मॅच सुटली की बाप येऊन आपापलं घेऊन जायचे. राहिलेली माझ्या स्वयंपाकघरात. एकदा एक बाप जिंकल्याच्या आनंदात दुसऱ्याचंच पोर घेऊन गेला, घरी बायकोने दारातूनच परत पाठवला.

खोकं तेच. भोंग्या, त्यावर बसू नकोस, मोडेल.

कलम तिसरं. पलंगाखालची ट्रंक.

ती ट्रंक उघडून कुणी किंचाळू नये म्हणून आधीच सांगते. तिच्यात चपला आणि बूट आहेत. बहुतेक एकेकच.

पन्नास वर्षांपूर्वीच्या त्या दिवशी मॅच सुरू होऊन थोडाच वेळ झाला होता. डोक्यांवरून पोरं आली, रोजच्यासारखी. यांनी उतरवून घेतली. मग एक बाई आली. हे हसले, म्हणाले, आज बायकांनाही हौस आली. मग डोक्यांवरून मोठा माणूस आला. मिशीवाला, पोट सुटलेला, डोळे मिटलेले. तेव्हा हे हसायचे थांबले आणि भिंतीवरून माझ्या नावाने ओरडले. यांनी मला चारचौघांत नावाने हाक मारलेली ती पहिली आणि शेवटची.

मी कडी काढली. दार माझ्याच अंगणात उघडतं, नशीब. बांध फुटावा तशी माणसं आली. अंगणातून स्वयंपाकघरात, स्वयंपाकघरातून खोलीत, खोलीतून रस्त्यावर. कुणी ओरडत नव्हतं. मला वाटायचं चेंगरताना माणसं ओरडत असतील. छाती दाबली की आवाज निघत नाही. नुसता चपला घासण्याचा आवाज आणि माझी पातेली पडण्याचा. नंतर हे आणि भोंगा आत गेले. जे दारापर्यंत पोचले नव्हते त्यांना चादरीत घालून आणलं. माझ्या चादरी पुरल्या नाहीत.

चपला कुणी न्यायला आलं नाही. फक्त एक माणूस पुष्कळ वर्षांनी आला, आपला डावा बूट शोधला, कागदात गुंडाळला आणि उजवा कुठेय ते न सांगता गेला.

ट्रंक सुनेने सांभाळावी. कंपनीच्या लोकांनी संग्रहालयासाठी मागितली तर द्यायची नाही. त्यांनी एकदा मागितली होती, काचेत ठेवून खालून दिवा लावणार होते.

कलम चौथं. पोस्टातले पैसे आणि कानातली.

पैसे मुलाला. म्हणजे त्याने आणखी काही विकायची गरज नाही. कानातली नातीला, ती गाल रंगवून जाते तिला. तिने ती घालून मॅचला जाऊ नये, आणि तोंडाला फडकं बांधणाऱ्यांच्या जवळ उभं राहू नये. आजीचं दुसरं कुठलंही ऐकलं नाहीस तरी चालेल.

फडक्यांचं लिहिलंच पाहिजे. आधी मधोमध जाळी आली, इकडचे इकडे आणि तिकडचे तिकडे. मग ढोल आले. पूर्वी मी भाजी चिरताना भिंतीपलीकडून सगळी मॅच ऐकायची. गोल झाला, हुकला, पेनल्टी मिळाली, सगळं आवाजावरून कळायचं. हे घरी येऊन सांगायला लागले की मीच आधी सांगायची. ते फार चिडायचे. आता ढोल सुरू होतो तो संपेपर्यंत एका चालीत, मैदानात गोल होवो नाहीतर माणूस मरो. फक्त पेनल्टीला एकदम शांत, ढोलसुद्धा. सगळे मोबाईल वर धरतात ना. हजारो माणसं आणि श्वास ऐकू येईल असं शांत. त्या शांततेला मी जेवढी घाबरते तेवढी या ऑपरेशनला घाबरत नाही.

आणि गाणी. नदीपलीकडचे आता चेंगरून मेलेल्यांवर गाणं म्हणतात. हाताने गळा धरून, जीभ बाहेर काढून, तालात. म्हणणारी पोरं तेव्हा जन्मलेलीही नव्हती. मग आपली पोरं त्यांना शोधायला जातात, मैदानापासून लांब, आधी जागा ठरवून, तोंड बांधून, रांगेने, एक शब्द न बोलता. एक दिवस मी खिडकीतून बघितली ती रांग. कुणी शिवी देत नव्हतं. पूर्वीच्या शिव्यांची मला आठवण आली.

परवा भोंगा सहीचं विचारायला आला तेव्हा म्हणाला, "वहिनी, गेल्या मॅचला तुमच्या बाजूला काही गडबड झाली म्हणे. दोघं अजून दवाखान्यात आहेत, एक डोळे उघडत नाही."

"असेल," म्हटलं. "साखर किती घालू?"

कलम पाचवं. रविवारसाठी. सूनबाई, हे तुझ्यासाठी. नीट वाच, मोठ्याने वाच, नवऱ्याला ऐकू जाऊ दे.

मॅचच्या आधी कडीला तेल. स्टूल कडीच्या बाजूला, भिंतीला लागून, दारासमोर नाही. गॅस बंद. स्वयंपाकघरातलं टेबल अंगणाच्या कोपऱ्यात काढून ठेव, वाट मोकळी हवी. मोबाईल खोलीत ठेव. हात कडीवर.

ढोलाकडे लक्ष देऊ नकोस. ढोलाच्या खाली पाय घासल्याचा आवाज असतो, सारखा, वाळूवर झाडू मारल्यासारखा. तो आहे तोवर ठीक. तो थांबला आणि ढोल मात्र चालूच आहे, असं झालं की समज, पाय हलवायला जागा उरलेली नाही. तेव्हा कडी काढ आणि लगेच बाजूला हो. कुणी उघड म्हणायची वाट बघू नकोस. कॅमेरावाले म्हणतील पोरं फुकट घुसायला बघताहेत, उगाच खोटंखोटं दार वाजवताहेत. म्हणू देत. खोट्यासाठी उघडलंस तर काय, स्वयंपाकघर घाण होईल. पुसून घे.

तोंड बांधलेलं असलं तरी उघड. कुठल्या टीमचं आहे ते बघू नकोस.

हिने विचारलं, "आई, आणि मला भीती वाटली तर?" मी म्हटलं, "तुला? चोराला पाणी देणाऱ्या बाईला?" हसली. मी हसवलं तिला, पण उत्तर दिलं नाही.

याप्रमाणे मी माझं घर, सामान, पैसे आणि मनातलं, सगळं वाटून मोकळी झाले. वकीलसाहेबांनी पुढे ते सांभाळावं, त्यांची फी मुलगा देईल, तो नको म्हणाला तरी.

ठिकाण: माझं अंगण, चौथ्या भिंतीजवळ.
तारीख: शेवटच्या मॅचच्या आधीचा शुक्रवार.

सही: फाटकवाल्याची बायको

साक्षीदार पहिला: भोंगा. (सही कागदाबाहेर गेली आहे, तरी धरावी.)
साक्षीदार दुसरा: कोपऱ्यावरचा शिंपी, जो दोन्ही टीमचे झेंडे एकाच मशीनवर शिवायचा. आता सगळे छापून घेतात, म्हणून त्याला सहीला वेळ मिळाला.
सून घर घेणार, म्हणून तिची साक्ष चालत नाही, असं वकीलसाहेब म्हणतात.

सहीच्या खाली काही लिहायचं नसतं, असंही म्हणतात. ते चहा घ्यायला गेलेत तोवर लिहिते.

गेल्या मॅचला पायांचा आवाज थांबला. मग दार वाजलं. आधी हातांनी, मग कशाने ते मला माहीत नाही. कुणीतरी "मावशी" म्हणालं. माझा हात कडीवर होता. मला ती फडकी बांधलेली रांग दिसायला लागली, ती माझ्या घरातून जाणार असं वाटलं, आणि मी घाबरले. वाजायचं थांबेपर्यंत मी तशीच स्टुलावर बसून होते. मी दार उघडलं नाही.