सहा नंबरचा कॅमेरा

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

ती. बाबांना,

नमस्कार. 'साष्टांग' लिहिणार होते, पण तुम्ही म्हणाल, आठ महिने पत्ता नाही आणि आता नाटकं. तुम्ही फोन उचलत नाही, म्हणून हे पत्र.

मी बरी आहे. इथे थंडी पडलीय. फ्रिजमध्ये बिबट्याच्या विष्ठेच्या डब्या इतक्या झाल्यात की दूध खिडकीत ठेवावं लागतं. वरच्या मजल्यावर कुणीतरी खुर्ची सरकवतं, तेवढीच काय ती मला सोबत.

सोमवारी आत्याचा फोन आला. आधी इकडचं तिकडचं झालं, मग तुमचा विषय काढून एकदम म्हणाली, "अगं, तो दर रविवारी तुझ्या त्या कॅमेऱ्यासमोर जाऊन बसायचा. काल गेला तर झाडावर कॅमेराच नाही. म्हणतो, तिला आता माझं तोंडही बघायचं नाही."

बाबा, मला यातलं काहीच माहीत नव्हतं.

बिबट्याच्या वाटेवरचा तो सहा नंबरचा कॅमेरा आपण दोघांनी मिळून बांधला होता. त्याचं घड्याळ तुम्ही लावलंत. घरात घड्याळजी असताना मी कशाला हात लावू? तेव्हा मी फुशारकी मारली होती, की प्रत्येक फोटो मी डोळ्यांखालून घालते. थाप होती ती. फोटो कॉम्प्युटर निवडतो. बिबट्या, तरस, कोल्हा वेगळे काढतो आणि माणसाचे फोटो मला न दाखवताच पुसून टाकतो. रानात कोण कुणाबरोबर जातं हे आपण चोरून बघू नये, म्हणून हा नियम मीच केला. मागे उरतो फक्त आकडा. 'रविवार, माणूस १.'

तो आकडा मी बघत होते. अहवालात लिहिलंसुद्धा, की या वाटेवर दर रविवारी माणसाची वर्दळ असते आणि त्या दिवशी बिबट्या तिकडे फिरकत नाही. तुम्हाला मी 'अडथळा' या रकान्यात टाकलं, आणि तिथल्या वनरक्षकाला सांगितलं, कॅमेरा दुसरीकडे बांधा.

त्याने पाठवलेलं त्या कॅमेऱ्याचं शेवटचं मेमरी कार्ड अजून माझ्याकडे तसंच होतं. काल ते उघडलं, कॉम्प्युटरला मध्ये न घेता. चार रविवार. चारही वेळा नऊ वाजून दोन मिनिटं. कॅमेरा बिबट्याच्या खांद्याच्या उंचीवर, म्हणजे आपल्या गुडघ्याशी असतो, म्हणून तुम्ही वर्तमानपत्र पसरून खाली बसला आहात. केस विंचरलेले. काही करत नाही, नुसते समोर बघता. बारीक झालात. स्वेटरची मधली गुंडी तुटलीय. उठतानाचे सात फोटो आहेत: आधी गुडघ्यावर हात, मग झाडाला. ते सात मी पुन्हा पुन्हा बघितले आणि रडले.

लंबकचं लिहायचं टाळत होते. शेपूट सारखी हलते म्हणून तुम्हीच ठेवलेलं नाव. आई गेल्यावर त्या घरात तुमचं बोलणं ऐकायला तेवढं एक कुत्रंच होतं, आणि बिबट्याने ते अंगणातून नेलं. नंतरच्या सभेत मी सांगितलं, बिबट्याला पकडून दुसरीकडे सोडू नका, एक हलवला की त्या जागी दुसरा येतो. आजही माझं म्हणणं तेच आहे. पण कुणीतरी विचारलं, "मग चूक कुणाची?" आणि मी सगळ्यांदेखत माइकवर म्हणाले, "कुत्रा मोकळा सोडणाऱ्याची." तुम्ही खुर्चीची घडी केलीत, भिंतीला लावलीत आणि निघून गेलात. बिबट्याची बाजू घ्यायला माझ्याकडे तासभर शब्द होते. तुमच्यासाठी एक नव्हता. चुकलं माझं, बाबा.

आज वनरक्षकाला फोन केला, कॅमेरा परत त्याच झाडावर लावा. "किती उंचीवर, मॅडम?" म्हटलं, वडील उभे राहिले तर चेहरा दिसेल इतक्या. तो म्हणाला, "मग बिबट्या नाही यायचा फोटोत." म्हटलं, माहीत आहे.

तेव्हा आता खाली बसू नका. पत्र पोचायला चार-पाच दिवस धरले, तर तेवीस तारखेच्या रविवारी मी नऊच्या आधीच त्या झाडाखाली उभी असेन. सुईदोरा मी आणते, गुंडी तुम्ही शोधून ठेवा. तुम्ही आलात तर रकान्यात 'माणूस २' येईल. नाही आलात तर एकच. तो एक म्हणजे काय असतं, ते आता मला कळलंय.

तुमची वाट बघणारी,
ठकी