एका पायावरची उजळणी

तीर्थस्वरूप सौ. ताईस,

धाकट्या भावाचा (दोन्ही पायांवर उभं राहून) नमस्कार. इकडे सगळं ठीक आहे असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. तुझे गुडघे काय म्हणतात? भावजींचा खोकला?

आमच्या भिंगरीला फुटबॉलमध्ये गोल अडवताना डोक्याला गोलचा खांब लागला, मेंदूला हादरा बसला, हे तुला फोनवर कळवलंच होतं. आता डोकेदुखी थांबली आहे. पण मैदानावर जायचं तर तोल आणि हालचाली तपासणाऱ्या बाईंचा होकार हवा. पहिल्या तपासणीत आमची पोरगी (वय चौदा, जिन्याच्या कठड्यावरून घसरत खाली येणारी) सरळ पट्टीवरून चालताना दोनदा कलली. मग मी आपल्या घराण्यात परीक्षा आली की जे करतात तेच केलं. बाईंनी काय काय करायला लावलं ते सगळं वहीत उतरवलं आणि घरी उजळणी सुरू केली. बैठकीत जमिनीवर चिकटपट्टी लावून टाचेला अंगठा टेकवत चालायचं, चालता चालता महिने उलटे म्हणायचे, मग उशीवर एका पायावर डोळे मिटून वीस आकडे. (आधी मी करून दाखवलं. उशीवरून थेट चपलांच्या कपाटात गेलो. बायकोनं आधी कपाट तपासलं, मग मला.) दहा दिवसांत पोरगी तयार झाली.

काल दुसरी तपासणी होती. बाईंनी चाल म्हणायच्या आत भिंगरीचा नोव्हेंबर येऊन गेला होता. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी अभिमानानं वही पुढे केली (अक्कल गहाण ठेवणं म्हणतात ते हेच). त्यांनी ती चाळली आणि शांतपणे मिटली.

"अहो, परीक्षाच पाठ करून आणलीत, तर पोरगी बरी झाली की नाही ते मला कसं कळणार?"

मग त्यांनी वहीत नसलेलं काढलं. चालता चालता मऊ चेंडू झेलायचा. भिंगरीचे पाय पट्टीवरून जराही ढळले नाहीत, पण चेंडू येताच तिनं डोळे घट्ट मिटले आणि मान फिरवली. हात वर गेलेच नाहीत. चारही वेळा तसंच. बाई म्हणाल्या, तोल आलाय, भीती गेलेली नाही, तेव्हा मैदान थांबू दे. येताना बसमध्ये पोरगी खिडकीकडे बघत म्हणाली, "बाबा, मला भीती वाटते का, हे तुम्ही विचारलंच नाही." माझ्या उजळणीवर ती पास झाली असती आणि गोलपाशी डोळे मिटून उभी राहिली असती, या विचारानं काल घरी येताच बैठकीतली चिकटपट्टी खरवडून काढली.

भावजींना नमस्कार, मुलांच्या पाठीवर थाप (हलकेच).

तुझा नापास भाऊ

ता. क. काळजीचं काही नाही. वही माळ्यावर टाकली.

ता. क. २. चार दिवस येशील का? लहानपणी उतारावर सायकलवरून पडलीस, टाके पडले, वर्षभर सायकलकडे फिरकली नाहीस. मग एक दिवस पुन्हा बसलीस. ते कसं, तेवढं तिला सांग.

ता. क. ३. तेव्हा सायकल वाऱ्यानं सुटली असं मी आईला सांगितलं होतं. वारा नव्हता, ताई, मागून मीच ढकललं होतं. तेव्हाही घाई मलाच झाली होती.