समासाला रकाना नव्हता

सिस्टर, "समास रिकामा सोडू नकोस गं, नावं सगळ्यांची सारखीच असतात," असं तुम्ही मला पहिल्याच आठवड्यात म्हणाला होतात. कर्जतच्या आपल्या दवाखान्यात मी नुकती लागले होते, अक्षर चांगलं म्हणून नोंदवही लिहायला घेतलेली. कळंबच्या वरच्या अंगाला असलेल्या वाडीतून एक बाई आली होती. तिचं नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव, वय पस्तीस, सगळं मी वळणदार लिहिलं. तुम्ही वही पुढे ओढून विचारलंत, ही कुठली? मी म्हटलं, वाडीतली. त्या वाडीत अख्ख्या वस्तीचं आडनाव एक, नावं तीच चार-पाच, आणि वय आपण अंदाजाने टाकणार. तुम्ही तिला बाकावर बसवून घेतलंत, घर कुठे, माहेर कुठलं विचारत राहिलात आणि लाल पेनाने समासात लिहिलंत: विहिरीपाशी राहते, डाव्या हातावर भाजल्याचा डाग, पेनिसिलिन चालत नाही. मागे रांग खोळंबलेली. एक म्हातारी म्हणाली, "सिस्टर, सोयरीक जमवताय काय?" तुम्ही मान वर न करता म्हणालात, "जमली तर तुला पंगतीला बोलवते."

तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली. तुमच्यामागे कॉम्प्युटर आला. त्याचा मोठा डबा, सर्व्हर म्हणायचे त्याला, ड्रेसिंगच्या खोलीत टेबलाखाली घरघरत असायचा. उन्हाळ्यात तो तापला की आम्ही पंखा पेशंटकडून काढून त्याच्याकडे वळवायचो. निदान तो दिसायचा तरी. दोन वर्षांपूर्वी तोही उचलून नेला आणि सगळं क्लाउडवर गेलं. म्हणजे कुठे, हे मी कंपनीच्या माणसाला विचारलं. त्याने नीट समजावलं. कुठेतरी मोठ्या इमारतीत हजारो मशीन असतात, त्यांवरची जागा आपण भाड्याने घ्यायची. शिबिराच्या दिवशी गर्दी झाली की जागा आपोआप वाढते, संध्याकाळी कमी होते. एकीकडे बिघाड झाला तर दुसऱ्या शहरात दुसरी प्रत तयार असते. मी विचारलं, मग आपल्या वाडीतल्या बायका आत्ता कोणत्या मशीनवर आहेत? तो म्हणाला, "मॅडम, ते मलाही सांगता येणार नाही. आणि उद्या दुसऱ्याच मशीनवर असतील." हे तो कौतुकाने सांगत होता. मला मात्र राखणदारालाच जागा ठाऊक नसलेली ती राखण पटेना. तिथे बसून कोणी वाचत असेल का, एखाद्या दिवशी सगळं नाहीसं झालं तर दाद कोणाकडे मागायची, हे मी येईल-जाईल त्याला ऐकवायचे. भिसेगावच्या घरून सकाळी दवाखान्यात आले की आधी चार-पाच जुनी नावं उघडून बघायचे, खुराड्यातल्या कोंबड्या मोजाव्यात तशी.

गेल्या महिन्यात पाय चिघळलेली एक बाई वाडीतून आली. मी नाव टाकलं, पस्तीसचं वय आता बरंच पुढे गेलेलं, आणि ॲलर्जीच्या रकान्यात आलं, नाही. डॉक्टरांनी इंजेक्शन लिहिलं. नर्स सुई भरायला लागली तशी बाईने हात मागे घेतला.

"ह्ये पेनशिलीन तर नाय ना? लाल पेनवाल्या बाईंनी मला नको सांगितलंय."

नर्स म्हणाली, कॉम्प्युटरमध्ये तसं काही नाही.

"मंग त्यात मी नसंन, बाय. वरच्या आळीतली आसंल. तिचं बी नाव ह्येच, तिच्या नवऱ्याचं बी."

नर्स थांबली. मी मागच्या खोलीत धावले. तुमच्या वह्या गोण्यांत भरून ठेवल्या होत्या, टेंपोने खोपोलीच्या कागद कारखान्यात लगद्यासाठी जायच्या होत्या. तिसऱ्या गोणीत सापडली. विहिरीपाशी राहते, डाव्या हातावर डाग. बाईच्या हातावर तो अजून आहे, सिस्टर.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी मला विचारलं, दोघींची एक कशी झाली? मी म्हटलं, "क्लाउडवर नेताना सिस्टीमने केली." कोणी शंका घेतली नाही. दोन वर्षं माझी कुरकुर ऐकलेली सगळी माणसं, त्यांना वाटलं, बिचारी आधीपासून सांगत होती.

सिस्टीमने केली नाही. सर्व्हरवर नंतरचे पेशंट तेवढे होते; क्लाउडवर जाताना तुमच्या जुन्या वह्यांवरून नावं आम्हीच भरली. नाव, नवरा, गाव, वय यांना रकाने होते, समासाला नव्हता. भरून झाल्यावर पडद्यावर सारख्या दिसणाऱ्या जोड्या यायला लागल्या. प्रत्येक जोडीखाली प्रश्न, ही एकच व्यक्ती आहे का? कॉम्प्युटरने स्वतःहून काही ठरवलं नाही, मला विचारलं. पहिले दोन दिवस मी दर जोडीला वही काढून तुमचं लाल अक्षर वाचलं. तिसऱ्या दिवसापासून नुसतं 'हो' दाबत गेले. मी 'हो' म्हटलेल्या जोड्यांची यादी माझ्या नावाने, तारीख-वेळेसकट त्याच क्लाउडवर नीट ठेवलेली आहे. एक ओळ हरवलेली नाही. ती उघडून बघायला मात्र अजून कोणी मागितलेली नाही.

डॉक्टरांनी तेवढ्या दोघींना वेगळं करून घेतलं आणि विषय मिटवला. माझी चूक म्हणून सांगितली असती तर सगळ्याच जोड्या तपासायला घेतल्या असत्या, आणि मला त्या टेबलावरून उठवलं असतं. म्हणून मी एकटीच तपासते आहे, जेवणाच्या सुट्टीत, पोळीचा घास एका हातात. टेंपोवाल्याला खोटंच सांगितलं, वह्यांना वाळवी लागली आहे, औषध मारून झालं की बोलावते. आतापर्यंत आणखी दोन जोड्या चुकीच्या निघाल्या. त्यातली एक बाळंतपणाला आलेली मुलगी आहे, तिच्या नावावर भलतीचाच रक्तगट पडला होता.

अजून सात वह्या उरल्या आहेत. तेवढ्या बघून झाल्या की मी स्वतः डॉक्टरांसमोर उभी राहून सांगणार आहे. तोवर उद्याच त्या वह्यांतली एखादी बाई दारात आली तर, हे तुम्ही विचारणार. हे पत्र कुठे टाकता येत नाही, म्हणूनच विचारायचं धाडस करते. सिस्टर, सात वह्या होईपर्यंत मला गप्प राहू द्या.