‘धुरा’चा पन्नासावा अंक

अमरावती, ८ जानेवारी २०२४

चि. अबोलीस, आत्याचे अ. उ. आ.

‘धुरा’च्या पन्नासाव्या अंकाचा मजकूर पाठवते आहे. छपाई अकोल्यातच कर. मोर्शीकडच्या मनकर्णाबाईंची गोष्ट पहिली लाव. मुखपृष्ठावर ‘शेवटचा अंक’ असं ठळक छाप. तीस वर्षं सत्यवतीसोबत हे मासिक जमेल तसं काढलं. ती गेल्यापासून प्रुफं हातात घेववत नाहीत.

चिंतामणदादाला गोड खाऊ देऊ नकोस. तुझी बाबांवर माया आहे, ती गोडाशिवायही राहील.

तुझी
चारुशीला आत्या


अकोला, १७ जानेवारी

ती. आत्यास, अबोलीचा शि. सा. न.

अंक अडला आहे. गावासाठी आलेली नळाची लाइन सरपंच स्वतःच्या दारापर्यंतच आणतो, ही मनकर्णाबाईंची गोष्ट छापखान्याच्या मालकांनी वाचली. असे पुढारीच त्यांची गिऱ्हाइकं आहेत. गोष्ट काढा, उद्या अंक देतो, म्हणाले. बाबांचं म्हणणं, शेवटच्या अंकाला वाकडेपणा कशाला? मला काही सुचत नाही. बाबांनी काल चोरून पेढा खाल्ला, हे मात्र कळवते.

तुझ्या उत्तराकडे डोळे लावून बसलेली
अबोली


अमरावती, २२ जानेवारी

चि. अबोलीस, अ. उ. आ.

‘धुरा’ निघाला तोच अशा अडवणुकीतून. सत्यवतीची कथा एका मोठ्या मासिकानं परत केली. भाषा शुद्ध करा, मग छापू, असं कळवलं. तिच्या कथेतली म्हातारी मरताना मले पाणी दे म्हणते. सत्यवती उसळून म्हणाली, जीव चालला असताना बाई व्याकरण सांभाळेल काय? पहिला अंक आम्ही शाळेच्या सायक्लोस्टाइल यंत्रावर काढला आणि कौंडण्यपूरच्या जत्रेत उभ्यानं विकला. एका चहाच्या टपरीवर कोणी तीच कथा मोठ्यानं वाचत होतं आणि चहावाला गाळणी धरून तसाच उभा होता. सत्यवती तिथंच रडली.

पण गावात राहायचं आहे ते मनकर्णाबाईंना. जा, त्यांना विचार. त्या नको म्हणाल्या तर काढ. छापखान्यासाठी काढू नकोस.

पाठीशी असलेली
आत्या


अकोला, ११ फेब्रुवारी

ती. आत्यास, शि. सा. न.

जाऊन आले. मनकर्णाबाई अंगणात संत्री निवडत होत्या. माझं ऐकून हसतच सुटल्या. गोष्ट त्यांनी सप्ताहाच्या मांडवात आधीच वाचून दाखवली होती, सरपंच खुशालरावांच्या समोर! ते तेव्हा उठून गेले, दुसऱ्या दिवशी येऊन म्हणाले, काकू, माह्यं नाव तं बदला. बाई मला म्हणाल्या, नाव बदललं म्या, नळ नाही बदलला. छापा, काहून भेता?

मग तिवस्याच्या एका लग्नपत्रिका छापणाऱ्यानं अंक छापायला घेतला. सवयीनं कोपऱ्यात गणपती टाकलाच, तो राहू दिला. बाबांनी चष्मा पुसून प्रुफं वाचली. सत्यवती असती तर तिनं अर्ध्या चुका माझ्याच माथी मारल्या असत्या, म्हणाले.

आत्या, तुम्ही दोघींनी काय उभं केलं, ते मला त्या अंगणात कळलं. मी निघताना बाईंनी विचारलं, पुढची गोष्ट कोणाले पाठवू? तुला न विचारता मी माझा पत्ता दिला. सोबतच्या अंकावर ‘शेवटचा’ हा शब्द नाही.

तुझी लाडकी, आणि आता थोडी हट्टीही,
अबोली