वालाचा मांडव आणि हिरवी वायर

पळस्पे, मंगळवार

तीर्थस्वरूप महादेवराव यांस,

तुमच्या मेहुण्याचे दोन्ही हात जोडून नमस्कार (उजवा अजून थोडा झिणझिणतो, पण जोडला जातो). वहिनींचे गुडघे कसे आहेत? तुमच्या कोंबड्या अंडी द्यायला लागल्या, की अजून नुसत्याच जेवतात? फोन केला असता, पण फोनवर तुम्ही हसता ते मला ऐकू येतं. पत्र वाचून काय हसायचं ते तिकडे रोह्यात हसून घ्या.

घरी सगळे बरे आहेत. हे वाक्य मी मागच्या सोमवारी दुपारी लिहू शकलो नसतो, म्हणून आज मुद्दाम लिहितो.

गच्चीवर सोलर बसवायचा आग्रह तुमचाच होता. चौतीस वर्षं विजेच्या खांबांवर काढलेला माणूस सांगतोय म्हटल्यावर मी बसवलं. वर्षभर ते छान चाललं, आणि इतकं छान चालणाऱ्या वस्तूत आपला काहीच हात नाही हे मला सहन होईना. (भामा म्हणते, हा माझा जन्मदोष आहे. तुमची बहीण आहे, तुम्ही समजून घ्या.) पॅनेलांच्या लोखंडी सांगाड्यापासून एक हिरवी वायर भिंतीवरून खाली जमिनीत गेली होती. ती काय करते हे मी वर्षभर निरखून पाहिलं. ती काहीच करत नव्हती. दिवाळीनंतर वालाचा वेल गच्चीपर्यंत चढला, त्याला मांडव हवा होता, आणि इतकी मजबूत वायर बाजारात विकत घ्यायची म्हणजे वेडेपणा. मी ती कापली. मांडव असा झाला की खांदा कॉलनीतून लोक शेंगा मागायला आले.

पुढे एका उंदराने पॅनेलांखालची एक केबल कुरतडली. मी तिला काळी टेप गुंडाळली, वरून दुधाची पिशवी बांधली. तेव्हापासून जिन्यातल्या इन्व्हर्टरवर अधूनमधून लाल दिवा लागायचा. मी तो बंद करून परत चालू करायचो, की काही वेळ गप्प बसायचा. तरी जाता-येता तो लाल डोळा नजरेत खुपायचा, म्हणून मी त्यावर सफरचंदाचं स्टिकर चिकटवलं.

सोमवारी पॅनेलांवर हायवेची धूळ इतकी साचली होती की बोटाने नाव लिहिता यावं (मी लिहिलं). ज्याने हे बसवलं तो शाहीद, आपला पनवेलचा, त्याने बजावलं होतं की सकाळी उन्हाआधी साध्या पाण्याने, मऊ फडक्याने पुसा. पण शेजारच्या गॅरेजचा गाडी धुवायचा पंप दुपारी एक वाजताच मोकळा होता. मी तापल्या काचांवर फवारा सोडला. एक काच टक् म्हणाली. बाकीचं पाणी कुठे कुठे शिरलं ते मी पाहिलं नाही.

अर्ध्या तासाने आई ओलं लुगडं घेऊन वर आली आणि तिने ते सांगाड्यावर टाकलं. मी पाइप गुंडाळत होतो. 'भगवान' एवढंच ऐकू आलं. वळून पाहिलं तर आई ओल्या फरशीवर बसली होती, दोन्ही हात छातीशी, आणि ओठ हलत होते पण आवाज नव्हता. महादेवराव, अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई. माझी चेष्टा तिथे संपली.

पण अक्कल यायला वेळ लागला. तिला जिन्याशी बसवून मी खाली धावलो, घराचा मेन स्विच पाडला, वर आलो आणि आता काही भीती नाही हे मागोमाग वर आलेल्या भामाला दाखवायला सांगाड्यावर हात ठेवला. पुढचं मला आठवतं ते आकाश. चप्पल मांडवात सापडली. तेवढ्यात माझ्या टेपेतून चरचर ऐकू आली, दुधाची पिशवी वितळली, धूर निघाला. मी उठून बादली उचलली. भामाने मागून बादलीला अशी लाथ घातली की ती थेट गच्चीच्या कोपऱ्यात गेली, आणि ती जिन्यात धावली. इन्व्हर्टरशेजारचा गोल खटका तिने फिरवला. चरचर थांबली. (तो खटका पॅनेलांकडून येणारी वीज तोडतो, हे शाहीदने बसवताना सांगितलं होतं. भामा चहा देता देता ऐकत होती. मी त्याला पनवेलचं राजकारण समजावत होतो.)

डॉक्टरांनी आईला एक रात्र ठेवून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी सोडलं. शाहीद आला. त्याने स्टिकर काढलं, मांडव पाहिला, आणि डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. मग म्हणाला, "भगवानशेठ, मेन स्विच तुम्ही बंद केलात. सूरज कुणी बंद केला होता? ऊन आहे तोवर पॅनेलात करंट असणारच. तो सांगाड्यात उतरला तर जमिनीत जावा, माणसात नको, म्हणून ती हिरवी वायर."

आई खाटेवरून म्हणाली, "मना ठावं हाय कोनी कापली. आमी बोललो नाय, शेंगा बऱ्या लागल्या होत्या."

मी मोरीत जाऊन तोंड धुतलं. दोनदा धुतलं.

आता नवी केबल आहे, नवी वायर आहे, फुटकी काच बदलली, आणि शाहीद दर सहा महिन्यांनी तपासायला येणार आहे. वहिनींना नमस्कार.

आपला,
भगवान

ता. क. खरं काम राहिलंच. भामाने गच्चीची चावी काढून घेतली आहे. वाल वर सुकतोय. तुम्ही थोरले आहात, तिला दोन शब्द सांगा.

ता. क. (भामाच्या हातचा) दादा, पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलं म्हणून वाचलं. चावी दाराच्या खिळ्यावरच आहे, कुणी काढलेली नाही. आठ दिवस हे पाचव्या पायरीपर्यंत जातात आणि चावी विसरलो म्हणत खाली येतात. शेंगा मी आणि सासूबाई रोज वर जाऊन काढतो. रविवारी या, आणि काही न विचारता यांना हाताला धरून वर घेऊन जा.