गोटा आणि अंगणातली खाट

आणि वरून तुम्ही हसलात, वस्ताद. ते मी विसरलेलो नाही, आणि तुम्ही मेलात म्हणून सोडूनही देणार नाही. साक्रीत आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा दिवस, तालमीसमोर जड दगडी गोटा कोण उचलतो ते बघायला गर्दी, आणि माझे आबा, जन्मभर पोती वाहिलेला हमाल माणूस, तो गोटा गुडघ्यापर्यंत आणून खाली ठेवतात. पन्नाशी उलटलेली. तुम्ही मांडीवर थाप मारून म्हणालात, “तुन्हा आंगमाना मर्द सरी गया. बायकोपाईन दूर नीज, मंग ये गोटाले हात लावाले.” लोक हसले. आबांनी ते खरं मानलं. त्याच संध्याकाळी त्यांनी खाट अंगणात काढली. मायला काही सांगितलं नाही. तिला वाटलं आपलंच काही चुकलं, म्हणून ती ताटात तूप जास्त वाढायला लागली आणि ते तिच्याकडे न बघता जेवायला लागले. जोर-बैठका पोरांइतक्याच, रोज, खाडा नाही. खांदा सुजला तर तुम्ही म्हणालात, नेम मोडला असेल. शेवटी हात वर जाईना, हमाली सुटली, आणि तुम्ही त्या हिवाळ्यात आरामात मरून गेलात.

मी शाळा अर्धीच टाकली, तुम्हाला माहीतच आहे. इथं हैदराबादला जिममध्ये आधी फरशी पुसायचो, आता सकाळी लोकांना व्यायाम सांगतो. साठीतला एक डॉक्टर येतो. त्याला मी आबांचं विचारलं. तो म्हणाला, जड वजन उचललं की पुरुषाच्या अंगात टेस्टोस्टेरॉन, म्हणजे मर्दपणाचं हार्मोन, थोडा वेळ वर चढतं, तरण्या पोरात जास्त, वय झालेल्यात कमी. वयाचंच ते, बायकोपाशी निजण्याचा त्यात काही संबंध नाही. आणि ते कमी चढलं तरी ताकद यायची थांबत नाही, फक्त वजन हळूहळू वाढवायचं आणि मधे अंगाला विसावा द्यायचा. एवढंच होतं, वस्ताद. एवढ्यासाठी माझी माय इतकी वर्षं घरात एकटी निजली.

मी आबांना फोन लावला तर ते तुमचीच बाजू घेतात. वस्ताद खोटं कशाला बोलतील म्हणे. माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, “आबा, वस्तादांनी स्वतः तो गोटा उचललेला कधी पाहिला का? शेंदूर लावण्यापुरताच हात लागायचा त्यांचा.” मग आबा हसले. आता माझ्या सांगण्यावरून ते एक दिवसाआड पाण्याचे कॅन उचलतात, आधी अर्धे भरून, हल्ली पूर्ण. मागच्या आठवड्यात मायचा फोन आला. “तुन्हा बाप खाट घरमा लई उना,” एवढं बोलून तिनं लाजून फोन ठेवला. तिथंच तुम्ही चीत झालात.

तालीम आता तुमचा मुलगा बघतो. त्याला सांगितलंय, पन्नाशीपुढच्यांसाठी हलके डंबेल्स घे आणि तुमच्या फोटोखालीच मांड. रोज बघा म्हणावं. हे पत्र टाकायचं कुठं, म्हणून टाकत नाही. एक मात्र आहे. वजनाला हात लावण्याआधी मी अजून खाली वाकून जमिनीला शिवतो आणि बोटं कपाळाला लावतो. खाली माती नाही, रबर आहे, पण तोंडात नाव तुमचंच येतं. पैसे उद्या पाठवतोय. डंबेल्सचे चार हजार, आणि तुमच्या फोटोच्या हाराचे वीस रुपये.